मूळ न पाहता खेळलेले खेळ: घरगुती व्हिडिओ गेमच्या सुरुवातीच्या पोर्टांचा आढावा

आर्केड म्हणजे नाणे टाकून उभ्याने खेळायचे, बहुधा एकाच खेळासाठी बांधलेले यंत्र. अशा यंत्रावरचा खेळ घरच्या टीव्हीला जोडता येणाऱ्या, त्या मानाने फारच दुबळ्या यंत्रावर चालावा म्हणून नव्याने लिहिणे, या कामाला आणि त्यातून तयार होणाऱ्या आवृत्तीलाही संगणक व्यवसायात पोर्ट म्हणतात. मराठीत त्यासाठी प्रत, नक्कल, अनुवाद असे शब्द सुचू शकतील. परंतु साधारणपणे १९७५ ते १९८८ या काळातील घरगुती पोर्टांना त्यांतला एकही शब्द नीट लागू पडत नाही, कारण मूळ यंत्रातली आज्ञावली नव्या यंत्रावर बहुधा जशीच्या तशी चालत नसे, चित्रे नव्याने काढावी लागत, आणि काय राखायचे व काय सोडायचे याचा निर्णय पुष्कळदा एकट्यादुकट्या प्रोग्रामरवर येऊन पडे. गोविंद बल्लाळ देवलांनी ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंजारराव’ लिहिले आणि पु. ल. देशपांडे यांनी ‘पिग्मॅलियन’वरून ‘ती फुलराणी’ लिहिले, त्याला मराठी रंगभूमी रूपांतर म्हणते, आणि पोर्टला हाच शब्द सर्वांत जवळचा आहे. रूपांतर पाहणाऱ्या बहुसंख्य प्रेक्षकांनी मूळ नाटक पाहिलेले नसते. त्यांच्यापुरते रूपांतर हेच नाटक असते. भारतातल्या व्हिडिओ गेमच्या इतिहासाची किल्ली या साध्या गोष्टीत आहे.

दिल्लीत यमुनेच्या पूर्व काठावर, नोएडाच्या वेशीला लागून असलेली मयूर विहार ही वसाहत या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहे. दिल्ली विकास प्राधिकरणाचे फ्लॅट आणि सहकारी गृहनिर्माण संस्था यांची ही वस्ती प्रामुख्याने १९८० च्या दशकापासून उभी राहिली. दिल्लीत रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये, एशियाडच्या वर्षी सुरू झाले होते. त्यामुळे नोकरदार कुटुंबे या फ्लॅटांमध्ये स्थिरावली तोवर घरात रंगीत टीव्ही ही अपूर्वाई उरलेली नव्हती. या टीव्हीला १९९० च्या दशकात जे यंत्र जोडले गेले आणि त्यावर ज्या ‘कॅसेट’ चालल्या (कार्ट्रिजला दिल्लीतल्या हिंदीत आणि महाराष्ट्रातल्या मराठीतही हाच शब्द रूढ झाला), त्यांतले कितीतरी खेळ १९८३ ते १९८६ दरम्यान जपानमध्ये तयार झालेली आर्केड-रूपांतरे होती. म्हणजे या घरांत जे नवे म्हणून आले ते मुळात दशकभर जुने होते, त्याच्या कर्त्यांची नावे पुष्कळदा पुसली गेली होती, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे ते मूळ वेगानेही चालत नव्हते. पोर्टांच्या प्रचलित इतिहासात ‘घरची आवृत्ती आर्केडशी किती प्रामाणिक होती’ हा प्रश्न केंद्रस्थानी असतो. ज्या खेळाडूने आर्केडच पाहिले नाही त्याच्या बाबतीत हा प्रश्न निरर्थक ठरतो, आणि पोर्ट स्वतःच्या पायावर कसा उभा राहिला हे तपासणे भाग पडते.

इतिहासाची सुरुवात अमेरिकेत होते. अटारीने १९७२ मध्ये आर्केडसाठी काढलेला ‘पाँग’ १९७५ मध्ये घरगुती यंत्राच्या रूपात आणला. पण तो एकाच खेळापुरता बांधलेला संच होता. कार्ट्रिज बदलून वेगवेगळे खेळ चालवणारे अटारीचे २६०० हे यंत्र १९७७ मध्ये आले आणि रूपांतराची खरी कसोटी तेथे लागली. या यंत्राचा प्रोसेसर १.१९ मेगाहर्ट्झ गतीचा होता आणि कामापुरती स्मृती अवघी १२८ बाइट होती, म्हणजे मराठीतला एक मध्यम लांबीचा वाक्यखंडही आजच्या संकेतलेखनात तिच्यात मावणार नाही. पडद्यावरचे संपूर्ण चित्र साठवण्याची सोयच नसल्याने प्रोग्रामरला टीव्हीच्या आतील किरण एकेक आडवी रेषा ओढत असतानाच त्या रेषेवर काय दिसावे हे ठरवत जावे लागे. एका रेषेवर खेळाडूची दोन चित्रे, दोन गोळ्या आणि एक चेंडू एवढीच हलती चित्रे यंत्र स्वतःहून देई, आणि पार्श्वभूमीचा उजवा अर्धा भाग हा डाव्या भागाची पुनरावृत्ती किंवा प्रतिबिंब असे.

या अडचणींवर १९८० मध्ये रिक मॉरर यांनी केलेले ‘स्पेस इन्व्हेडर्स’चे रूपांतर हा आजही अभ्यासण्याजोगा नमुना आहे. टाइटो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ मध्ये रचलेल्या मूळ खेळात ५५ परग्रहवासी पाच रांगांत उतरत. मॉरर यांनी ते ३६ वर आणले, सहा रांगांत सहा-सहा. मूळ यंत्रात शत्रू कमी होत जातील तसा उरलेल्यांचा वेग वाढत असे, कारण प्रोसेसरला कमी चित्रे काढावी लागत. ही यंत्राची मर्यादा होती, परंतु खेळणाऱ्यांनी तिलाच खेळाचा प्राण मानले आणि पुढच्या प्रत्येक रूपांतरकाराला ती जपावी लागली. दुसऱ्या कंपनीचा आर्केड खेळ रीतसर परवाना घेऊन घरी आणण्याचे हे पहिले ठळक उदाहरण असून त्यामुळे अटारीच्या यंत्राची विक्री कैकपटींनी वाढली. उलट १९८२ मधील ‘पॅक-मॅन’ हे टॉड फ्राय यांचे रूपांतर लाखोंनी विकले गेले आणि तरीही फसलेले रूपांतर म्हणूनच ओळखले जाते. चार भुते एकाच वेळी दाखवणे यंत्राला परवडत नसल्याने ती आळीपाळीने रेखाटली गेली आणि पडद्यावर लुकलुकू लागली, चक्रव्यूहाची रचना बदलली, गोल दाण्यांच्या जागी आडव्या पट्ट्या आल्या. या अपयशाचा दोष बहुधा प्रोग्रामरच्या माथी मारला जातो, तो न्याय्य नाही. कार्ट्रिज ४ किलोबाइटचे होते. पुढच्याच वर्षी ‘मिस पॅक-मॅन’ त्याच यंत्रावर पुष्कळ सुबकपणे उतरला, आणि त्याला मिळालेली ८ किलोबाइट जागा हे त्याचे मोठे कारण होते. पोर्टांच्या इतिहासात प्रतिभेइतकीच किलोबाइटची किंमत निर्णायक ठरते.

ब्रिटनमधील घरगुती संगणकांचा टप्पा येथे थोडक्यात नोंदवावा लागतो, कारण त्याची एक शाखा थेट भारतीय शाळांत पोहोचली. केंद्र सरकारच्या १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ या संगणक साक्षरता प्रकल्पात शाळांना बीबीसी मायक्रो हे संगणक देण्यात आले. या संगणकासाठी एकॉर्नसॉफ्ट कंपनीने ‘डिफेंडर’वरून ‘प्लॅनेटॉइड’, ‘गॅलॅक्सियन’वरून ‘आर्केडियन्स’ आणि ‘पॅक-मॅन’वरून ‘स्नॅपर’ अशी नाव बदललेली रूपे काढली होती. परवाना न घेता केलेल्या या रूपांतरांत ‘स्नॅपर’चे मुख्य पात्र मूळ खेळाशी इतके जुळत होते की पहिली आवृत्ती मागे घेऊन पात्र बदलावे लागले. सिंक्लेअर स्पेक्ट्रम या दुसऱ्या ब्रिटिश संगणकाची भारतीय आवृत्ती डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने बाजारात आणली होती. स्पेक्ट्रमवर आठ बाय आठ बिंदूंच्या चौकोनात दोनच रंग बसत, त्यामुळे हलती चित्रे एकमेकांच्या जवळ आली की त्यांचे रंग एकमेकांत मिसळत. आयरेम कंपनीचा ‘आर-टाइप’ १९८८ मध्ये स्पेक्ट्रमवर आणणाऱ्या बॉब पेप यांनी या कामाची सविस्तर आठवण लिहून ठेवली आहे. तिच्यातून कळते की रूपांतरकाराला मूळ आज्ञावली मिळालीच नाही. आर्केड यंत्र समोर ठेवून, खेळून आणि निरखून सारे पुन्हा घडवावे लागले. गवयाचे गाणे ऐकून ते नोटेशनशिवाय उतरवून घेण्यासारखे हे काम होते, आणि त्या काळातील पोर्टांच्या बाबतीत हा अपवाद नव्हता.

मयूर विहारपर्यंत जी धारा प्रत्यक्षात आली तिचा उगम मात्र क्योटोमध्ये आहे. निन्टेंडोचे फॅमिकॉम हे यंत्र १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये विक्रीस आले. मासायुकी उएमुरा यांच्या नेतृत्वाखाली ते घडवताना ‘डाँकी काँग’ हा निन्टेंडोचाच १९८१ मधील आर्केड खेळ घरी चालला पाहिजे, असे लक्ष्य समोर होते. बहुतेक पोर्टांत खेळाला यंत्राप्रमाणे वाकावे लागते. येथे खेळ डोळ्यांसमोर ठेवून यंत्राची आखणी झाली, आणि घरगुती पोर्टांच्या इतिहासातले हे सर्वांत महत्त्वाचे वळण मानावे लागेल. फॅमिकॉमची चित्र काढणारी चिप ६४ हलती चित्रे हाताळू शकत असे. एका आडव्या रेषेवर मात्र त्यांतली आठच दिसत. या हलत्या चित्रांना स्प्राइट म्हणतात. अटारीच्या तुलनेत ही समृद्धी होती. तरीही ‘डाँकी काँग’च्या चार टप्प्यांपैकी सरकत्या पट्ट्यांचा ५० मीटर उंचीचा टप्पा घरच्या आवृत्तीत आला नाही, कारण कार्ट्रिजमध्ये आज्ञावलीसाठी १६ आणि चित्रांसाठी ८ अशी एकूण २४ किलोबाइट जागा होती. शिवाय आर्केडचा पडदा उभा आणि टीव्हीचा आडवा, त्यामुळे तुळया आणि शिड्या यांची मांडणी नव्याने करावी लागली. गाळलेला टप्पा निन्टेंडोने २०१० मध्ये एका विशेष आवृत्तीत परत जोडला. तोवर जगभरच्या किती तरी खेळाडूंच्या मनात ‘डाँकी काँग’ तीन टप्प्यांचाच होता, आणि त्यांच्यापुरते ते खोटेही नव्हते.

पुढच्या दोन वर्षांत नामको कंपनीने ‘गॅलॅक्सियन’, ‘पॅक-मॅन’, ‘मॅपी’, ‘गॅलागा’ यांची फॅमिकॉम रूपे काढली. कोनामीचा १९८४ चा ‘रोड फायटर’ १९८५ मध्ये घरी आला, १९८४ चाच आर्केड ‘सर्कस चार्ली’ १९८६ मध्ये आला. यांतले ‘बॅटल सिटी’चे उदाहरण विशेष बोलके आहे. नामकोच्या १९८० मधील ‘टँक बटालियन’ या आर्केड खेळाचा हा १९८५ मधील घरगुती अवतार. पण यात दोघांनी मिळून खेळण्याची सोय आली, बर्फ, पाणी, झाडी यांनी मैदानाला वेगवेगळे स्वभाव मिळाले, आणि विटा मांडून स्वतःचे मैदान रचण्याचा पर्यायही आला. मूळ आर्केड आज अभ्यासकांपुरते उरले आहे, तर घरचे रूपांतर भारतातल्या एका पिढीला ‘टँकवाला गेम’ म्हणून पाठ आहे. रूपांतराने मुळाला मागे टाकण्याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण. हा खेळही २४ किलोबाइटमध्येच बसवला होता.

हा २४ चा आकडा येथे पुन्हा येतो तो योगायोगाने नव्हे. तैवानमधील चिपनिर्मात्यांनी फॅमिकॉमच्या मुख्य चिपांच्या नकला तयार केल्यानंतर त्यांवर बेतलेली बिनपरवाना यंत्रे जगभर पसरली. रशियात ती ‘डेंडी’ नावाने, तर भारतात ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांनी विकली गेली. निन्टेंडोने अमेरिकेतील यंत्रात बनावट कार्ट्रिज अडवणारी चिप बसवली होती, जपानी फॅमिकॉममध्ये ती नव्हती. म्हणून नकला जपानी यंत्राच्या ६० पिनांच्या जोडणीवर बेतल्या गेल्या, आणि त्या जोडणीसोबत जपानी खेळांचा सुरुवातीचा साठाही आपसूक आला. सेगाने १९९५ मध्ये शॉ वॉलेस कंपनीमार्फत भारतात अधिकृत प्रवेश केला तेव्हा मेगा ड्राइव्ह यंत्राची किंमत सुमारे १८,००० रुपये होती. मध्यमवर्गीय वसाहतींत नकली फॅमिकॉमच का शिरले याचे उत्तर या आकड्यात आहे.

अनेक खेळ एकाच कॅसेटमध्ये भरणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर निवड कशी झाली हेही उलगडते. कोनामीच्या १९८७ मधील आर्केड ‘कॉन्ट्रा’चे घरगुती रूपांतर १२८ किलोबाइटचे होते आणि त्याला स्मृतीचे तुकडे आळीपाळीने समोर आणणारी जास्तीची सोय लागे. तेवढ्याच जागेत २४ किलोबाइटचे पाच खेळ बसत, आणि त्यांना अशी सोय लागतही नसे. म्हणून ‘६४ इन १’ धाटणीच्या कॅसेटमध्ये १९८३ ते १९८६ मधील छोट्या रूपांतरांचीच गर्दी झाली. ‘९९९९९९९ इन १’ असे लिहिलेल्या कॅसेटमध्ये प्रत्यक्षात मूठभर खेळ असत. तेच खेळ सुरुवातीची पातळी किंवा नाव बदलून यादीत पुन्हा पुन्हा येत. जपानी प्रोग्रामरने स्मृती महाग म्हणून जो खेळ काटेकोरपणे आवळला, तो त्याच आवळपणामुळे दहा वर्षांनी दिल्लीत पोहोचला. भारतीय बालपणाच्या आठवणीतील खेळांची यादी कोणी आवडीनिवडीने केली नाही. ती किलोबाइटच्या हिशेबाने झाली, हे या विषयाच्या अभ्यासात अजून पुरेसे मांडले गेलेले नाही.

याहून कमी लक्षात आलेली बाब वेगाची आहे. जपान आणि अमेरिकेतील टीव्ही सेकंदाला सुमारे ६० वेळा चित्र रेखाटतो आणि प्रत्येक चित्रासाठी २६२ आडव्या रेषा धरतो. भारताने स्वीकारलेल्या पाल पद्धतीत चित्रे सेकंदाला ५० आणि रेषा ३१२ असतात. फॅमिकॉमचे खेळ एका चित्रात एक पाऊल या तालावर लिहिलेले होते. एक चित्र संपून दुसरे सुरू होण्यापूर्वी जी रिकामी उसंत मिळे तिच्यातच पडद्यावरचे फेरफार उरकावे लागत, आणि ही उसंत बदलली की चित्र विस्कटण्याचा धोका असे. पाल देशांसाठी बनवलेल्या नकली चिपांनी यावर तोडगा काढला तो असा की जादा ५० रेषा दृश्य चित्रानंतर, परंतु खेळाला ‘आता फेरफार कर’ असा इशारा मिळण्यापूर्वी, निव्वळ थांबून घालवायच्या. इशाऱ्यानंतरची उसंत त्यामुळे जपानी यंत्राइतकीच राहिली आणि खेळ न बिघडता चालले. हेसुद्धा एक रूपांतरच होते, खेळाचे नव्हे तर खुद्द यंत्राचे, आणि ते करणाऱ्या अभियंत्यांचे कौशल्य मॉरर किंवा पेप यांच्या कौशल्याहून कमी प्रतीचे नव्हते. परिणाम एवढाच झाला की सारे काही मूळ वेगाच्या सुमारे पाच-षष्ठांश वेगाने घडू लागले. रोड फायटरमधली गाडी, बॅटल सिटीमधला रणगाडा आणि त्यांचे संगीतही मयूर विहारच्या टीव्हीवर टोकियोपेक्षा संथ होते. पुढे ज्यांनी हेच खेळ इम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राचे सोंग घेणाऱ्या प्रणालीवर, जपानी वेगाने खेळले त्यांना ते अकारण कठीण आणि घाईचे वाटले तर त्यात नवल नाही. स्मृतीने दगा दिलेला नव्हता.

कर्तृत्वाचा प्रश्न अधिक दुखरा आहे. अटारीने प्रोग्रामरांची नावे छापली नाहीत, आणि त्या असंतोषातून १९७९ मध्ये ॲक्टिव्हिजन ही स्वतंत्र कंपनी जन्मली. जपानी कंपन्यांतही टोपणनावांचा आणि निनावीपणाचा रिवाज होता. नकली कॅसेटमध्ये तर कंपनीचे नाव आणि वर्ष दाखवणारी ओळही पुष्कळदा खोडलेली असे. जे खेळ आधीच एकदा नाव बदलून आले होते त्यांची ओळख मग दुहेरी हरवली. हडसन कंपनीचा १९८६ मधील ‘ॲडव्हेंचर आयलंड’ हा सेगाच्या ‘वंडर बॉय’चा पोर्ट होता, नाव आणि पात्र यांवर सेगाचा हक्क, पण आज्ञावलीचा हक्क एस्केप या विकासक संस्थेकडे, अशा विभागणीमुळे हडसनने खेळ तोच ठेवून नायकाच्या जागी बटण सेकंदाला १६ वेळा दाबण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या स्वतःच्याच कर्मचाऱ्याचे, ताकाहाशी मेइजिन यांचे, चित्र बसवले. टोपी घालून कुऱ्हाडी फेकणारा हा माणूस जपानमधील एक जिताजागता इसम आहे, हे कॅसेटवरून कळण्याचा कोणताच मार्ग नव्हता.

‘कॉन्ट्रा’कडे वळल्यास रूपांतर किती उंची गाठू शकते ते दिसते. आर्केडचा उभा पडदा सोडून घरच्या आवृत्तीने जंगल, धबधबा, बर्फाळ मैदान असे टप्पे आडव्या पडद्यासाठी ऐसपैस रचले, आणि दोन खेळाडूंच्या सहकार्याला जी लय दिली ती मूळ यंत्रात नाही. तीनऐवजी तीस जीव देणारी बटणांची क्रमवारीही पोर्टांच्या इतिहासातूनच आलेली आहे: काझुहिसा हाशिमोतो यांना ‘ग्रेडियस’चे १९८६ मधील घरगुती रूपांतर तपासताना तो खेळ फार अवघड वाटला, म्हणून त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी ती योजली आणि ती आत तशीच राहून गेली.

या साऱ्याचा अभ्यास आज कोठे उभा आहे? अटारीच्या यंत्रावर निक माँटफर्ट आणि इयन बोगोस्ट यांचा २००९ मधील ग्रंथ आणि फॅमिकॉमवर नेथन आल्टिस यांचा २०१५ मधील ग्रंथ ही दोन्ही एमआयटी प्रेसची प्रकाशने यंत्राच्या मर्यादा आणि खेळाचे रूप यांचा संबंध उलगडून दाखवतात. १९९७ पासून उपलब्ध असलेल्या ‘मेम’ या इम्युलेटरमुळे मूळ आर्केड आणि घरचे रूपांतर शेजारी ठेवून ताडून पाहता येतात. भारताच्या बाजूला मात्र साधनेच अपुरी आहेत. संगणक आज्ञावलीला प्रताधिकार कायद्याचे संरक्षण १९८४ च्या दुरुस्तीने मिळाले आणि १० मे १९९५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ते अधिक नेमके झाले. परंतु प्रती जमा करून घेण्याची तरतूद पुस्तके आणि वृत्तपत्रे यांपुरतीच आहे. १९५४ च्या त्या कायद्यानुसार दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय यांच्याकडे प्रत्येक छापील पुस्तकाची प्रत जावी लागते, कॅसेटची नाही. आणि बिनपरवाना कॅसेट तर कोणी जमा करण्याचा प्रश्नच नव्हता. एरवी जिला चोरीची प्रत म्हणून फेकून द्यावे, तीच येथे एकमेव दस्तऐवज ठरते, कारण भारतात काय खेळले गेले, कोणत्या यादीत, कोणत्या बदलांसह आणि कोणत्या वेगाने, हे तिच्याखेरीज कोठेही नोंदलेले नाही. अशा कॅसेटमधली चिप पुष्कळदा काळ्या राळेच्या थेंबाखाली थेट पाटीवर चिकटवलेली असते, आणि तिच्या केसाएवढ्या तारा तुटल्या की आतला मजकूर वाचणे फार कठीण होते.

‘बॅटल सिटी’च्या आज्ञावलीत तिच्या लेखकाने दोन लहान ओळी लपवून ठेवल्या आहेत. तो स्वतःला ओपन-रीच म्हणवतो आणि आपले नोरिको नावाच्या कोणा व्यक्तीवर प्रेम असल्याचे सांगतो. आज्ञावली न बदलता उतरवलेल्या प्रत्येक प्रतीत या ओळी आहेत. शीर्षक खोडणाऱ्याला त्या दिसल्या नाहीत, खेळणाऱ्यालाही नाहीत. मयूर विहारच्या एखाद्या फ्लॅटच्या माळ्यावर ‘६४ इन १’ कॅसेट अजून पडून असेल आणि तिच्या तारा शाबूत असतील, तर त्या पांढऱ्या-पिवळ्या डबीत नोरिकोचे नाव अजून वाचता येण्याजोगे आहे.